'क्लेम' आलं की 'दावा केला' : दर वेळी चालतं का?

प्रश्न : घाटंजी लाइन

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या बातमीदाराकडे निम्मा मजकूर इंग्रजीतून येतो. एजन्सीची कॉपी, बियाणे-औषध कंपन्यांच्या प्रेसनोट, वनविभागाचं चार ओळींचं निवेदन, विमा कंपनीचं पत्र. या सगळ्यांत 'क्लेम' हे क्रियापद पावलोपावली भेटतं आणि घाईत त्याचं 'दावा केला' होऊन जातं. नमुन्यादाखल पाच वाक्यं देतो :

१. शेतकऱ्यांनी सोयाबीनच्या नुकसानीचा दावा केला.
२. अपघाताने तिघांच्या जिवाचा दावा केला.
३. या कीटकनाशकाचा कपाशीवरील तुडतुड्यांसाठी दावा आहे.
४. आदिवासींचा वनजमिनीवर दावा.
५. पाणीपुरवठा सुरळीत असल्याचे मुख्याधिकाऱ्यांनी स्पष्ट केले, तर आठ दिवसांपासून नळ कोरडे असल्याचा दावा महिलांनी केला.

दुसरं वाक्य हास्यास्पद आहे हे कोणीही सांगेल. बाकीच्या चारांत व्याकरण चुकलेलं नाही, तरी वाचताना खडा लागतो. कोणत्या अर्थाला मराठीत कोणता शब्द घ्यावा, 'म्हणाले' आणि 'दावा केला' यांत निवड कशी करावी, आणि मथळ्यात जागा नसते तिथे काय करावं, हे जाणकारांनी सांगावं.

उत्तर : डेस्कवरून

भाऊ, पहिले इंग्रजी शब्दच उकलून पाहा, अर्धं काम तिथेच होतं.

'क्लेम'चं मूळ लॅटिन 'क्लामारे', म्हणजे ओरडणं, पुकारणं. 'हे माझं आहे' असं चारचौघांत पुकारून सांगणं हा त्याचा गाभा. त्याला दोन फांद्या फुटल्या. एक हक्काची : जमीन, विम्याची रक्कम, करंडक, श्रेय, जे आपलं म्हणून मागायचं किंवा घ्यायचं ते. दुसरी बोलण्याची : जे अजून सिद्ध झालेलं नाही ते ठासून सांगणं. अपघात किंवा पूर माणसं 'क्लेम' करतो ते पहिल्या फांदीचंच लांबचं पोर आहे, मरण आपला वाटा उचलून नेतं असा भाव त्यात असतो.

आपला 'दावा' अरबीतून फारसीमार्गे कचेरीत आला आणि तिथेच मुरला. दिवाणी दावा, दावा दाखल करणे, दावा फेटाळणे. म्हणून हक्काच्या फांदीतला कायद्याचा भाग तो नीट पेलतो, ठासून सांगणंही पेलतो, पण मृत्यू आणि करंडक त्याला पेलत नाहीत. तुमचं दुसरं वाक्य पडलं ते यामुळे.

इंग्रजी वाक्यात 'क्लेम'च्या पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे 'दॅट' असेल तर ते बोलण्याचं क्रियापद आहे. 'टू बी' असेल तर मराठीत फार सोपा शब्द आहे, म्हणवणे. 'ही क्लेम्स टू बी अ डॉक्टर' याचं 'तो डॉक्टर असल्याचा दावा करतो' करण्यापेक्षा 'तो स्वतःला डॉक्टर म्हणवतो' लिहा, शंका आपोआप येते. 'टू हॅव सीन' असं काही असेल तर 'पाहिल्याचे तो सांगतो'. आणि पुढे नुसतं नाम असेल तर त्या नामावर सगळं अवलंबून. लाइव्ह्ज असतील तर 'मृत्यू' किंवा 'बळी', विकेट्स असतील तर 'बळी टिपले', टायटल असेल तर 'जिंकले' किंवा 'पटकावले'. २०२४-२५ च्या रणजीत विदर्भाने तिसरं विजेतेपद 'क्लेम' केलं असं इंग्रजीत कोणी लिहिलं, तर मराठीत विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, एवढंच. तिथे 'दावा' लिहिलात तर वाचक विचारेल, मग निकाल लागला की नाही?

'क्रेडिट' असेल तर जरा जपून. 'श्रेय घेतले' साधं आहे, 'श्रेय लाटले' हा तुमचा निकाल आहे. तो बातमीत नको, अग्रलेखात ठेवा.

'अनक्लेम्ड बॉडी' म्हणजे बेवारस मृतदेह. 'अनआयडेंटिफाइड' म्हणजे ओळख न पटलेला. हे दोन वेगळे. ओळख पटली तरी न्यायला कोणी येत नाही, असंही घडतं. पोलीस ठाण्याच्या टिपणात दोन्ही शब्द जवळजवळ येतात आणि बातमीत सर्रास एकमेकांच्या जागी पडतात.

आता मुख्य मुद्दा, 'म्हणाले' की 'दावा केला'. रॉयटर्ससारख्या वृत्तसंस्था बातमीदारांना 'सेड'च्या जागी 'क्लेम्ड' घालू नका असं बजावतात. कारण 'क्लेम्ड' म्हटलं की 'आमचा यावर विश्वास नाही' असा सूर लागतो. तरी इंग्रजी पत्रकारितेत तो भरमसाट दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा कंटाळा असतो. परिच्छेदात तीनदा 'सेड' झालं की चौथ्यांदा 'क्लेम्ड'. आपल्याकडेही तेच. म्हणाले, सांगितले, नमूद केले, आणि मग बदल म्हणून दावा केला. नुसत्या बदलासाठी घेतलेला हा शब्द एखाद्याला फुकट खोटं पाडून जातो.

तुमचं पाचवं वाक्य मला सगळ्यांत गंभीर वाटतं. तिथे एकाच वाक्यात मुख्याधिकाऱ्यांनी 'स्पष्ट केले' आणि महिलांनी 'दावा केला'. 'स्पष्ट केले' म्हणजे सत्य आधीपासून होतंच, साहेबांनी फक्त पडदा बाजूला केला. 'निदर्शनास आणून दिले' तसंच. 'कबूल केले' म्हटलं की गुन्हा होताच असं गृहीत धरलं जातं. क्रियापदं अदलाबदल करून पाहा : 'पाणीपुरवठा सुरळीत असल्याचा दावा मुख्याधिकाऱ्यांनी केला, तर आठ दिवसांपासून नळ कोरडे असल्याचे महिलांनी स्पष्ट केले.' बातमी उलटली की नाही? माहिती मात्र तसूभरही बदलली नाही. अदलाबदल केल्यावर बातमीचा कल बदलत असेल तर दोघांनाही एकच क्रियापद द्या, 'सांगितले'. आणि नळाच्या बातमीत तर तेही पुरत नाही. तोटी फिरवून बघता येते, टाकीच्या पाणी सोडण्याच्या नोंदवहीत तारखा असतात. त्या बघितल्या की दोन्हीकडचं 'म्हणणं' मागे पडतं आणि बातमी पुढे जाते.

उत्तर : शेतीपान

तिसऱ्या वाक्यावर लिहितो, कारण ते निरुपद्रवी दिसतं आणि त्यातूनच शेतकऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

'लेबल क्लेम' ही कंपनीची बढाई नव्हे. कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे प्रत्येक औषधाची नोंदणी होते, ती पीकनिहाय आणि किडीनिहाय. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत, किती पाण्यात, शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे सगळं मंजूर होऊन लेबलवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात छापलं जातं. त्या मंजूर वापराला लेबल क्लेम म्हणतात. कृषी सहायक, दुकानदार, शेतकरी सगळे 'लेबल क्लेम' असंच म्हणतात, म्हणून शब्द तसाच ठेवा. फार तर पहिल्यांदा 'लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकासाठी नोंदणीकृत शिफारस' असं लिहा.

'कंपनीचा दावा' लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होतो. सरकारने तपासून मंजूर केलेली गोष्ट वाचकाला कंपनीची थाप वाटते. आणि प्रेसनोटमध्ये लेबलबाहेरचं काही घुसवलेलं असतं, 'झाड हिरवंगार राहतं, फुलगळ थांबते', तो खरा दावा. तिथे 'असा कंपनीचा दावा आहे, लेबलवर त्याचा उल्लेख नाही' हे वाक्य लिहायचं. 'लेबलवर नाही' हा तुकडा गाळला की बातमीची जाहिरात झालीच म्हणून समजा.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस आणि लेबल क्लेम या दोन गोष्टी आहेत. कधी दोन्ही जुळतात, कधी विद्यापीठाची शिफारस असते पण त्या पिकासाठी लेबल क्लेम नसतो. कृषी पानावर दोन्ही खुणांनी वेगळ्या दाखवायची पद्धत आहे, ती बातमीतही पाळा.

मात्रा उतरवताना आणखी एक घोळ होतो. लेबलवर मात्रा बहुधा हेक्टरी असते, शेतकरी विचारतो पंपाला किती. समजा लेबलवर हेक्टरी १५० ग्रॅम आणि ५०० लिटर पाणी असेल, तर १० लिटरला ३ ग्रॅम येतात. तेच १५० एकरी समजून छापलं तर मात्रा जवळजवळ अडीचपट होते, कारण हेक्टर म्हणजे २.४७ एकर. प्रेसनोट भाषांतरित करताना एकक आधी बघा, क्रियापद मागून.

बियाण्याचंही असंच. पिशवीच्या टॅगवर छापलेली उगवणशक्ती ही कायदेशीर हमी असते. सोयाबीनला किमान ७० टक्के लागते. इंग्रजीत 'कंपनी क्लेम्स ७० पर्सेंट जर्मिनेशन' असं आलं तर मराठीत 'पिशवीवर ७० टक्के उगवणशक्ती नमूद आहे'. ती कमी निघाली तर तक्रार तालुका समितीकडे होते, आणि तिथे टॅग व पावतीच पुरावा ठरतात. 'दावा' लिहून तुम्ही कंपनीला पळवाट देता.

आता पहिलं वाक्य. गावात 'क्लेम' म्हणजे पीकविमा. 'क्लेम टाकला', 'क्लेम पास झाला', 'क्लेम आला' हे सगळ्यांना कळतं. पण योजनेच्या कागदात तीन पायऱ्या वेगळ्या असतात : नुकसानीची पूर्वसूचना, पाहणी, भरपाई. गारपीट, शेतात पाणी साचणं यांसारख्या स्थानिक आपत्तीत ७२ तासांत द्यायची असायची ती पूर्वसूचना. बातमीत तिलाच 'क्लेम केला' म्हणून छापायचे, आणि मग 'दहा हजार क्लेम, भरपाई दोन हजारांनाच' असा मथळा व्हायचा. पूर्वसूचना आणि मंजूर भरपाई यांची थेट वजाबाकी होत नाही, मधे पाहणी असते.

शिवाय महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून असलेला एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. शेतकऱ्याचा हिस्सा परत आला (खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५, नगदी पिकांना ५) आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर (निवडलेल्या शेतांत पीक कापून उत्पादन मोजतात त्यावर) आली. म्हणून जुन्या फाइलमधलं '७२ तासांत क्लेम करा' हे वाक्य उचलून नव्या बातमीत टाकू नका. त्या हंगामाचा शासन निर्णय काढून बघा.

'शेतकऱ्यांनी नुकसानीचा दावा केला' या वाक्यात तीन अर्थ कोंबलेत : नुकसान झालं असं ते म्हणतात, त्यांनी पूर्वसूचना दिली, किंवा त्यांनी भरपाई मागितली. कोणता ते विचारून लिहा. 'कंपनीने दावा फेटाळला' तर आणखी घातक. भरपाई नामंजूर केली की आरोप खोटा म्हटला? पहिलं असेल तर 'भरपाई नाकारली', दुसरं असेल तर 'आरोप नाकारला'.

उत्तर : वऱ्हाडी बोरू

राजेहो, 'दावा'ची एक गंमत अजून सांगतो. गायीले बांधायचं ते दावं, आन् कोर्टात टाकायचा तो दावा. विभक्ती लागली का दोन्ही एकच होते : दाव्याले. 'दाव्याला बांधले' म्हनलं तं ढोर बांधलं का वकील, वाक्य पाह्यल्याशिवाय समजत नाही. दोघायचा एकमेकाशी काही संबंध नाही बरं, शब्द निरनिराळे हायेत.

पन जुन्या बोलीत 'दावा' म्हनजे वैर बी. 'दावा साधला' म्हनजे सूड घेतला. म्हून गावच्या वाचकाले 'शेजाऱ्याच्या जमिनीवर दावा' वाचलं का भांडनच आठोते. शहरातल्या डेस्कवर तो कोरा शब्द वाटत अशीन, इकडे नाही वाटत.

आन् आपल्यापाशी 'म्हने' हाय नं! 'उद्या पानी येनार हाय म्हने.' दोन अक्षरात सांगनाराचं नाव झाकलं, शंका बी घेतली आन् जबाबदारी बी झटकली. बातमीत चालत नाही, कारन कोन म्हनलं ते सांगा लागते. तरी इंग्रजीतलं 'इट इज क्लेम्ड दॅट' काय हाय हे समजून घ्याचं अशीन तं ते हेच 'म्हने' होय. तसं वाक्य दिसलं का पहिले इचारा, कोन म्हनलं? नाव भेटलं नाही तं वाक्य काढून टाका.

उत्तर : झाडीपट्टी

चौथं वाक्य आमच्या भागातलं आहे, म्हणून लिहितो.

वनहक्क कायदा २००६ मध्ये 'क्लेम' हा ठरलेला पारिभाषिक शब्द आहे आणि सरकारी मराठीत त्याला 'दावा'च म्हणतात. वैयक्तिक वनहक्क दावा, सामूहिक वनहक्क दावा. इथे संशयाचा लवलेश नाही, हा एक अर्ज आहे. म्हणून शब्द बदलायचा नाही, त्याच्या भोवतीची वाक्यरचना बदलायची. 'आदिवासींचा वनजमिनीवर दावा' हे अतिक्रमणासारखं वाचलं जातं. 'वनहक्कासाठी ग्रामसभेकडे दावे दाखल' म्हटलं की कायद्याखालची प्रक्रिया दिसते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो असाच दावा मान्य होऊन. त्याला 'दाव्याला यश' म्हणण्याऐवजी 'वनहक्क मान्य' म्हणणं बरोबर. कायदा हक्क नव्याने देत नाही, असलेला हक्क मान्य करतो, अशीच त्याच्या नावातली भाषा आहे.

दावा कोणत्या पायरीवर आहे तेही लिहा. ग्रामसभा दावे मागवते, वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागस्तरीय समिती, आणि अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागस्तरीय समितीकडे दाद मागता येते. 'दावा फेटाळला' एवढंच छापलं तर सगळं संपलं असं वाटतं. कोणी फेटाळला, कारण लेखी दिलं का, पुढे दाद कुठे, हे तीन शब्द जास्त लिहिल्याने अंक जड होत नाही.

दुसरी गोष्ट वाघाची. इंग्रजीत 'टायगर क्लेम्स फोर्थ लाइफ' असतं. मराठीत 'वाघाचा चौथा बळी' छापतात, आणि ते दोन्हीकडून वाचता येतं : वाघाने घेतलेला बळी की वाघच मेला? विजेच्या तारेत अडकून वाघ मेल्यावरही 'वाघाचा बळी'च छापतात. 'वाघाच्या हल्ल्यात चौथा मृत्यू' लिहा. त्यातही पहिल्या तासात हल्ला वाघाचा की बिबट्याचा हे ठरलेलं नसतं. पगमार्क (पंजाचे ठसे), जखमा, शवविच्छेदन यानंतर वनविभाग सांगतो. तोवर 'वन्यप्राण्याच्या हल्ल्यात'. आणि 'चौथा' हा आकडा कशाचा, त्याच वाघाचा, त्या वनपरिक्षेत्राचा की वर्षाचा? एजन्सीच्या कॉपीत तो वरच्या परिच्छेदात असतो, भाषांतरात गळतो.

'क्लेम्ड रिस्पॉन्सिबिलिटी' गडचिरोलीच्या नक्षलवाद्यांच्या बातम्यांत येतं. 'जबाबदारी स्वीकारली' ही रूढ मराठी आहे, पण 'स्वीकारली' म्हटलं की कृत्य त्यांचंच होतं हे तुम्ही मान्य केलं. नुसतं पत्रक सापडलं असेल तर 'ही घटना आपण घडवल्याचे पत्रकात म्हटले आहे' इतकंच. पत्रक खरं की कोणी दुसऱ्याने टाकलेलं, हे पहिल्या दिवशी कळत नाही. चकमकीच्या बातमीलाही हाच नियम उलट बाजूने. घटनास्थळी बातमीदार नसतो, माहिती एकाच बाजूची असते, म्हणून 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार' आणि शेवटी 'स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही'. इथे 'पोलिसांचा दावा' लिहायचा तर तो रोज, प्रत्येक चकमकीला लिहा. एका दिवशी 'माहिती' आणि दुसऱ्या दिवशी 'दावा' लिहिलं की वाचक बिटवीन द लाइन्स वाचायला लागतो आणि तुम्हाला तसं काही म्हणायचंच नसतं.

प्रतिसाद : घाटंजी लाइन

बरंच उलगडलं. एक शंका राहते. इंग्रजीत 'पोलीस क्लेम्ड' हे वाक्याच्या सुरुवातीला येतं. मराठीत 'असा दावा पोलिसांनी केला' शेवटी येतं. त्याने काही फरक पडतो का?

उत्तर : डेस्कवरून

फार पडतो, आणि 'दावा' की 'म्हणाले' यापेक्षाही कदाचित जास्त.

मराठीत क्रियापद शेवटी. चाळीस शब्दांचं वाक्य असेल तर एकोणचाळीस शब्द वाचकाने खरं मानून वाचलेले असतात आणि चाळिसाव्याला कळतं की हे कोणाचं तरी म्हणणं आहे. मोबाइलवर तर पहिल्या दोन ओळीच दिसतात. 'तालुक्यात एकाही गावात टँकरची गरज नसून सर्व विहिरींना मुबलक पाणी आहे व उन्हाळ्यापर्यंत ते पुरेल, असा दावा...' इथवर येईपर्यंत गावातल्या माणसाने फोन खिशात टाकलेला असतो.

उपाय सोपा आहे, सांगणारा पुढे आणा. 'पंचायत समितीच्या म्हणण्यानुसार', 'तक्रारदारांचे म्हणणे असे', 'कंपनी म्हणते'. मग वाक्य मोडून दोन करा. दुसऱ्या वाक्यात पुन्हा 'असेही त्यांनी सांगितले' घाला, नाही तर दुसरं वाक्य तुमच्या नावावर जमा होतं. आपल्याकडे चुका जास्त इथेच होतात : पहिल्या वाक्यात सांगणाऱ्याचं नाव दिलेलं असतं, पुढची चार वाक्यं उघडी.

मथळ्याचं विचारलं होतं. मथळ्यात 'दावा' हा जागेमुळे लाडका, दोनच अक्षरं. पण मथळ्यांची एक विषम जोडी ठरून गेली आहे : अधिकाऱ्याची 'माहिती', नागरिकांचा 'आरोप' किंवा 'दावा'. 'माहिती' म्हणजे खरंच असं वाचकाच्या मनात बसतं. नळाच्या बातमीला 'नळ आठ दिवस कोरडे. महिलांची तक्रार' चालेल. तक्रार ही घडलेली गोष्ट आहे, अर्ज दिला असेल तर त्याला आवक क्रमांकही असतो. एकेरी अवतरण चिन्हांत शब्द टाकणं किंवा शेवटी प्रश्नचिन्ह ठोकणं, ही दोन्ही 'दावा'चीच भावंडं. प्रश्नचिन्हवाला मथळा तर बहुतेक वेळा बातमीदाराने विचारायचा प्रश्न वाचकावर ढकलतो.

आणि 'दावा केला' लिहिलं म्हणजे कायद्यातून सुटलो, हा गैरसमज काढून टाका. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दुसऱ्याने केलेला बदनामीकारक आरोप 'असा दावा' म्हणून छापला तरी छापणारे तुम्हीच. त्या माणसाची बाजू विचारली होती, कधी विचारली, काय उत्तर आलं, हे बातमीत असलं पाहिजे.

प्रतिसाद : मोर्शी संत्रा

डेस्कवाल्या दादांशी थोडं असहमत. मराठीत 'दावा' आता इतका झिजलाय की वाचक त्यातून संशय घेतच नाही. 'सरकार स्थापनेचा दावा' कोणाला खोटा वाटतो? मग एवढी चिरफाड कशाला?

उत्तर : डेस्कवरून

सरकार स्थापनेचा दावा हा हक्काच्या फांदीचा आहे, म्हणून तिथे संशय येत नाही. राज्यपालांकडे जाऊन 'आम्हाला बोलवा' म्हणणं हा अर्जच. पण 'संत्र्याला खर्चाइतकाही भाव मिळत नसल्याचा दावा बागायतदारांनी केला' आणि 'भाव मिळत नसल्याचे बागायतदारांनी सांगितले' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. झिजला म्हणता तर दोन्ही सारखी वाटायला हवीत. शिवाय इथे बाजार समितीचे आवक-भावाचे आकडे रोज मिळतात, ते घेतले की दोन्ही क्रियापदांची गरज संपते.

'दावा' कुठे चालतो हेही सांगायला हवं, नाही तर लोक त्याला वाळीतच टाकतील. सांगितलेली गोष्ट आणि कागद यांची टक्कर होत असेल तिथे तो हवाच. समजा, धरणात ६० टक्के साठा आहे असं कोणी सभेत म्हटलं आणि त्याच दिवसाच्या जलसंपदा विभागाच्या तक्त्यात ४१ आहे. तिथे 'दावा' लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात तक्ता द्या. तक्ता नसेल तर 'म्हणाले' लिहून थांबा. नुसता 'दावा' टाकून पुढे काहीच न देणं म्हणजे डोळा मारून निघून जाण्यासारखं आहे.

प्रतिसाद : घाटंजी लाइन

पहिलं वाक्य असं केलं तर? 'अतिवृष्टीने सोयाबीनचे नुकसान झाल्याचे शेतकऱ्यांनी सांगितले. विमा कंपनीकडे क्लेम दाखल करण्यात आले असून पंचनामे सुरू आहेत.'

उत्तर : शेतीपान

पहिला भाग ठीक. दुसऱ्यात दोन कारभार एकत्र झाले. पंचनामा महसूल आणि कृषी विभागाचा. तो शासनाच्या मदतीसाठी, त्याचा विम्याशी थेट संबंध नाही. विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून निघते. त्यामुळे 'तलाठ्याने पंचनामा केला म्हणजे क्लेम पास' असं समजून शेतकरी बसून राहतो. दोन वाक्यं करा : 'महसूल मंडळात पंचनामे सुरू आहेत.' आणि विम्याचं वेगळं, तेही विमा कंपनीच्या तालुका प्रतिनिधीला किंवा कृषी कार्यालयाला विचारून : या हंगामात वैयक्तिक सूचना घेतात का, कापणी प्रयोग कोणत्या गावांत लागलेत. 'करण्यात आले' हे कर्मणीही काढा, कोणी दाखल केलं तेच त्यात लपतं.